नांगरटीचा जमाखर्च

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो विकत घेण्यास शेतकरी राजी नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे ही समजूत पुरती पुसली गेली आणि खोल नांगरट हे सुधारलेल्या शेतीचे लक्षण ठरले. आज नांगराला पुन्हा विरोध होऊ लागला आहे. मात्र तो अगदी वेगळ्या दिशेने येत आहे. नांगरटीमुळे जमिनीतील कर्ब हवेत जातो, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि पृथ्वी तापते. सबब शेतकऱ्याने नांगर खाली ठेवावा आणि जमिनीत साठणाऱ्या कर्बाचे पैसे घ्यावेत, असे त्याला सांगितले जात आहे.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीक्षेत्रासाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. तेव्हापासून या सल्ल्याला व्यावहारिक महत्त्व आले आहे. ज्या कारखान्यांना वा कंपन्यांना आपल्या धुराची भरपाई दाखवायची आहे, त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर येऊन त्याने मातीत साठवलेला कर्ब विकत घ्यावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना आकर्षक आहे. परंतु कोणताही माल बाजारात आणण्यापूर्वी तो माल नेमका काय, त्याचे माप कसे करायचे आणि तो टिकाऊ आहे की नाशवंत, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. नांगरट थांबविण्याच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे, प्रचारात सांगितली जातात तितकी सरळ नाहीत.

मातीतील शिल्लक

पीक हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन वाढते. मुळे, धसकटे, पाने आणि जनावरांचे शेण यांच्या रूपाने त्यातील काही कर्ब मातीत जातो. मातीतील सूक्ष्म जीव या पदार्थांवर जगतात व बराचसा कर्ब श्वसनावाटे पुन्हा हवेत सोडतात. जो थोडा उरतो तो मातीच्या बारीक कणांना चिकटून, तिच्या रवाळ गोळ्यांच्या आत कोंडून राहतो. जमिनीतील सेंद्रिय कर्ब म्हणतात तो हाच. तो म्हणजे आवक आणि खर्च यांच्यातील शिल्लक होय. ही शिल्लक क्षुल्लक नाही. जगातील जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. म्हणजे आज हवेत जितका कर्ब आहे, त्याच्या दीडपटीहून अधिक.

नांगराचा फाळ मातीचे रवाळ गोळे फोडतो, आत कोंडलेला कर्ब उघडा करतो आणि सूक्ष्म जीवांना प्राणवायू पुरवतो. त्यांचे काम वेगाने होते आणि शिल्लक खर्ची पडते. रायकोस्की आणि लिंडस्ट्रॉम या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलेली मोजणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. गव्हाच्या रानात पलटी नांगर चालविल्यानंतरच्या १९ दिवसांत जमिनीतून बाहेर पडलेला कर्ब, त्या हंगामातील पिकाच्या मागे राहिलेल्या काडातील कर्बापेक्षाही जास्त भरला. मिनेसोटा हा थंड मुलुख आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात उघडी पडलेली काळी जमीन जी धग सोसते, तिच्यात ओल मिळताच हे ज्वलन आणखी वेगाने होते. आपल्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळताना दिसते, त्यामागे हवामान हे एक मोठे कारण आहे.

बैल गेला, ट्रॅक्टर आला

तथापि नांगरट हा आपल्याकडे अनादी काळापासून चालत आलेला दोष आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. दख्खनच्या काळ्या जमिनीत दरवर्षी नांगर धरण्याची रीत पूर्वी नव्हती. इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटियरे चाळली, तर काळ्या रानात कुळवाच्या पाळ्यांवरच भागविले जाई आणि हराळी किंवा कुंदा माजला म्हणजे काही वर्षांच्या अंतराने नांगर घातला जाई, असे आढळते. विदर्भात हेच काम वखराने होई. या रिवाजामागे पर्यावरणाचा विचार नव्हता, हिशेब होता. जड नांगर ओढण्यास तीन-चार बैलजोड्या लागत. त्या एका घरी नसत, सावडीने जमवाव्या लागत. बैलाचे श्रम दुर्मीळ होते, म्हणून खोल नांगरटही दुर्मीळ होती.

भाड्याच्या ट्रॅक्टरने हा हिशेब पालटला. बैलजोडी वर्षभर पोसण्याचा खर्च एका बाजूला आणि दोन तासांत रान उलथून देणारे यंत्र दुसऱ्या बाजूला, अशी निवड समोर आल्यावर शेतकऱ्याने ट्रॅक्टर निवडला यात नवल नाही. उन्हाळी नांगरट, मग रोटाव्हेटरच्या एक-दोन पाळ्या, हा आता बागायती रानाचाच नव्हे तर जिरायती रानाचाही दरसालचा क्रम झाला आहे. रोटाव्हेटरने माती पिठासारखी होते, रान देखणे दिसते. पण पहिल्याच जोराच्या पावसाने वरचा थर लिंपला जातो, पाणी मुरत नाही आणि सुपीक माती ओढ्यावाटे निघून जाते.

या स्थित्यंतराची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. बैल गेला त्याबरोबर शेणही गेले. म्हणजे एकाच बदलाने मातीच्या कर्बाचा खर्च वाढविला आणि आवकही तोडली. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटविल्या जातात. उसाचे पाचट अनेक ठिकाणी अजूनही फडातच जाळले जाते. शिल्लक घटली याचा सगळा दोष नांगराच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु आवक बंद पडलेल्या खात्यात केवळ खर्च कमी करून शिल्लक वाढत नाही, हे प्राथमिक सत्य येथेही लागू पडते.

नांगरविना शेतीचा जन्म

विनामशागत शेतीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. ही पद्धत हवामानबदल रोखण्यासाठी जन्मलेली नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १९३० नंतरच्या दशकात उघड्या, नांगरलेल्या जमिनींवरून धुळीची वादळे उठली आणि लक्षावधी एकरांची माती उडून गेली. या अनुभवानंतर १९४३ साली एडवर्ड फॉकनर याने आपल्या पुस्तकात नांगर वापरण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही, असे प्रतिपादन करून खळबळ उडविली. प्रत्यक्षात मात्र नांगर सुटला तो १९६० नंतर, तणनाशके हाती आल्यावर. कारण नांगराचे मुख्य काम तण मारणे हे होते. केंटकी राज्यात हॅरी यंग या शेतकऱ्याने १९६२ साली आणि ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ याने १९७२ साली विनानांगर पेरणी सुरू केली. धूप थांबावी आणि इंधन व वेळ वाचावा, हे या पद्धतीचे मुख्य हेतू होते. २०१८–१९ पर्यंत जगातील सुमारे २० कोटी हेक्टर क्षेत्र कमीत कमी मशागतीच्या या पद्धतीखाली आले होते.

जमिनीत कर्ब साठविण्याचा दावा या पद्धतीला नंतर चिकटविण्यात आला. पहिल्या मोजण्या उत्साहवर्धक होत्या: न नांगरलेल्या रानाच्या वरच्या थरात कर्ब वाढलेला दिसे. परंतु बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक साधा प्रश्न उपस्थित केला. बहुतेक मोजण्या वरच्या ३० सेंटिमीटरपर्यंतच का थांबतात? नांगर काडीकचरा खाली गाडतो; न नांगरलेल्या शेतात तो वरच राहतो. तेव्हा वरचा थर तपासला तर विनानांगर शेत श्रीमंत दिसणार, आणि खोलवर तपासले तर फरक कमी होणार किंवा मावळणार. म्हणजे ज्याला आपण बचत समजत होतो, तिच्यातील बराच भाग एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात ठेवण्यासारखा होता. इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील डेव्हिड पॉलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याच निष्कर्षाला दुजोरा दिला: विनामशागत शेतीचे मातीला अनेक फायदे आहेत, परंतु हवामानबदल रोखण्याचा उपाय म्हणून तिची ताकद मर्यादित आहे.

दुसरे वायू

शेतजमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड हा एकच हरितगृह वायू असता, तर हिशेब एवढ्यावर संपला असता. पण जमिनीतून नायट्रस ऑक्साइडही निघतो, आणि शंभर वर्षांच्या काळात त्याची उष्णता कोंडण्याची शक्ती कार्बन डाय-ऑक्साइडच्या २७३ पट धरली जाते. ओल्या, दबलेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत नत्रयुक्त खत पडले की हा वायू तयार होतो. नांगर न घातलेली जमीन पहिली काही वर्षे अधिक घट्ट व अधिक ओली असते. त्यामुळे दमट प्रदेशांत सुरुवातीच्या काळात नायट्रस ऑक्साइड वाढल्याचे आणि दहाएक वर्षांनंतर, मातीची घडण सुधारल्यावर, तो उतरल्याचे अभ्यासकांना आढळले आहे.

याचे प्रमाण समजण्यासाठी एक हिशेब करू. हेक्टरी १०० किलो नत्र दिले, तर आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सर्वसाधारण सूत्रानुसार त्यातील सुमारे एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. कार्बन डाय-ऑक्साइडच्या परिमाणात मांडले तर हे सुमारे ४३० किलो होतात. कोरड्या प्रदेशात हा आकडा कमी धरतात, हे खरे. पण आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१५ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सने जमिनीतील कर्ब दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढविण्याचे ध्येय मांडले. आपल्या अर्धा टक्का कर्बाच्या जमिनीत, वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये, हेक्टरी साधारण २० टन कर्ब असतो. त्याचे हजारी चार म्हणजे वर्षाला ८० किलो कर्ब, अर्थात सुमारे २९० किलो कार्बन डाय-ऑक्साइड. नांगर सोडून हे ध्येय गाठले, पण नत्राचा वापर तसाच बेहिशेबी राहिला, तर मातीत साठविलेल्या कर्बापेक्षा खतातून निघालेल्या वायूचा भार जास्त होऊ शकतो. २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तेव्हा युरिया तिच्यातून वगळला गेला. इतर खते महागली, युरिया स्वस्त राहिला आणि शेतकऱ्याचा हात युरियाच्या गोणीकडे अधिक वळला. हे धोरण न बदलता शेतकऱ्याला नांगर सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे हौदाची गळती तशीच ठेवून पन्हाळे दुरुस्त करण्यासारखे आहे.

भाताची गोष्ट आणखी निराळी. कोकणात किंवा पूर्व विदर्भात लावणीपूर्वी खाचरात चिखलणी केली जाते. ती करायचीच मुळी पाणी मुरू नये म्हणून. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार होतो. येथे मशागत सोडण्याचा लाभ कर्ब साठण्यापेक्षा मिथेन टळण्यात अधिक आहे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात, चिखलणी व लावणी दोन्ही वगळतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. लावणीला माणसे मिळत नाहीत अशा काळात शेतकऱ्यांना तिचे आकर्षण वाटले, ते मजुरी व कष्ट वाचतात म्हणून. मात्र येथेही तणाचा प्रश्न तणनाशकाने सोडविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेट हे ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध जाहीर केले. नांगराऐवजी तणनाशक आले, तर एक प्रश्न सुटून दुसरा उभा राहतो, याचे भान ठेवले पाहिजे. खुरपणीवर जगणाऱ्या शेतमजूर स्त्रियांच्या रोजगाराचा प्रश्न तर या चर्चेत येतच नाही.

पटनचेरूचा धडा

मग मातीत कर्ब वाढवायचा कसा? याचे उत्तर आपल्याच काळ्या जमिनीवर मिळालेले आहे. हैदराबादजवळ पटनचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने १९७६ पासून दोन पद्धती शेजारी शेजारी चालविल्या. एका रानात जुना रिवाज: पावसाळ्यात शेत मोकळे आणि रब्बीत ज्वारी किंवा हरभरा. दुसऱ्या रानात रुंद वाफे व सरी, पावसाळ्यातही पीक, पिकांच्या फेरपालटीत कडधान्य आणि मोजके खत. चोवीस वर्षांनंतर पहिल्या रानाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी टनभराच्या आसपास, तर दुसऱ्याचे पाच टनांच्या आसपास होते. दुसऱ्या रानात सुमारे १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत हेक्टरी सव्वासात टन कर्ब जास्त आढळला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या रानात औत मुळीच वर्ज्य नव्हते. फरक पडला तो आवकीमुळे. पावसाळ्यात जमीन झाकलेली राहिली, पाणी मुरले, पीक वाढले, मुळे खोल गेली आणि कर्ब खाली साठला. शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आणि मातीच्या कर्बाचा प्रश्न एकाच उपायाने सुटला. याउलट, केवळ नांगर सोडला आणि बाकी काही बदलले नाही तर काय होते? पिटेलकाव व सहकाऱ्यांनी जगातील ६१० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१५ साली दाखवून दिले की, विनामशागत शेतीत उत्पन्न सरासरीने साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक घटते. ते टिकते किंवा वाढते ते कोरडवाहू प्रदेशात, आणि तेही काडीकचरा रानात ठेवला व पिकांची फेरपालट केली तरच. या अटी सुट्या करता येत नाहीत.

आणि नेमकी येथेच आपली अडचण आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ज्वारीचा कडबा रानात पसरायला सांगणे सोपे आहे. पण दुष्काळी सालात त्याच कडब्यावर गुरे जगतात आणि उरलेला विकून घरात पैसा येतो. त्या कडब्याला बाजारात भाव आहे, मातीच्या पोटात घातलेल्या कडब्याला नाही. हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हे. हा रोकडा हिशेब आहे. त्याचप्रमाणे उन्हाळी नांगरटीलाही कारण आहे. बोंडअळीचे कोष उन्हात पडून मरतात, हराळीच्या काशा वाळतात. ज्याला नांगर सोडायला सांगायचे, त्याला या कामांचा पर्याय द्यावा लागेल.

कर्बाचा बाजार

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे वळू. माल काय, तर मातीतील वाढीव कर्ब. त्याचे माप कसे? वर सांगितलेल्या २० टनांच्या जमिनीत वर्षाला ८० किलो वाढ व्हायची. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत कर्बाचे प्रमाण सहज ०.४५ आणि ०.५५ टक्के असू शकते. हा फरकच हेक्टरी चार टनांच्या घरात जातो. म्हणजे पन्नास वर्षांत जी वाढ व्हायची, तेवढी तफावत नमुना कोठून घेतला यावर आज पडू शकते. खऱ्या वाढीचा छडा लावण्यास अनेक नमुने, खोल नमुने आणि कित्येक वर्षे लागतात. महाराष्ट्रात सरासरी धारणा २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. एवढ्या तुकड्यावर या मोजणीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. मग मोजणीऐवजी संगणकी अंदाजावर भागविले जाते, आणि अंदाजाच्या मालाला बाजार अंदाजानेच भाव देतो.

तो टिकाऊ आहे का? कारखान्याने हवेत सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड शतकानुशतके तेथे राहणार. त्याची भरपाई म्हणून साठविलेला मातीतील कर्ब मात्र एका खोल नांगरटीने बाहेर पडू शकतो. म्हणून खरेदीदार दीर्घ मुदतीची हमी मागतो. ही हमी द्यायची कोणी? जमीन कसणारा अनेकदा मालक नसतो. तो बटाईने किंवा मक्त्याने करतो. १९४८ च्या कुळकायद्यानंतर कूळ लागेल या धास्तीने हे व्यवहार बहुधा तोंडीच होतात. करारावर सही मालकाची, कष्ट बटाईदाराचे आणि पुढच्या पिढीने जमीन वाटून घेतली की जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ही स्थिती आहे. शिवाय ज्याने आपल्या बुद्धीने दहा वर्षांपूर्वीच नांगर सोडला, त्याची वाढ ‘नवी’ नसल्याने त्याला काहीच मिळत नाही. जो शहाणपणाने वागला तो वंचित, असा हा न्याय आहे.

या बाजाराचा एक पूर्वानुभवही आहे. अमेरिकेत शिकागो क्लायमेट एक्स्चेंज या बाजारात २००३ पासून कर्बाचे व्यवहार सुरू झाले आणि विनामशागत शेती करणाऱ्यांना एकरी ठोक हिशेबाने हक्कपत्रे मिळू लागली. २००८ साली टनाचा भाव सात डॉलरच्या वर गेला. २०१० साली तो दहा सेंटांच्या खाली घसरला आणि बाजार बंद झाला. तेथील शेतकऱ्याकडे शेकडो एकर होते. त्याने तोटा सोसला. दीड हेक्टरवाल्याने तो कशावर सोसावा?

शिवाय लाभ तरी किती? पटनचेरूच्या रानाचा वेग गृहीत धरला, म्हणजे वर्षाला हेक्टरी ३०० किलो कर्ब, तर सुमारे ११०० किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. टनाला हजार रुपये भाव मिळाला असे मानले तरी हेक्टरी अकराशे रुपये. त्यातून मोजणी, तपासणी व मध्यस्थाचा वाटा जायचा. याउलट नांगरट व रोटाव्हेटरचा खर्च एकरी दोन हजार एवढा माफक धरला, तरी हेक्टरी पाच हजार रुपये वाचतात. आणि तीस लिटर डिझेल वाचले तर सुमारे ८० किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जायचा टळतो. हा आकडा लहान आहे, पण तो पक्का आहे. न जाळलेले डिझेल पुढच्या वर्षी कोणी नांगर घातला म्हणून मागाहून जळत नाही. मातीतील कर्ब ही ठेव आहे, ती काढून घेता येते. न जाळलेले इंधन ही झालेली बचत आहे. बाजार मात्र पहिलीचा गाजावाजा करतो आणि दुसरीकडे पाहतही नाही.

मोबदला कशाचा?

या विवेचनाचा अर्थ नांगरट कमी करू नये असा मुळीच नाही. ती कमी झालीच पाहिजे: माती वाहून जाऊ नये म्हणून, पाणी मुरावे म्हणून, खर्च वाचावा म्हणून. आपल्याकडे त्याचे मोठे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. उसाचा खोडवा म्हणजे नांगराविना घेतलेले पीकच होय. त्यात पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवले, तर आवक आणि बचत दोन्ही साधतात. प्रश्न आहे तो या चांगल्या कामाला चुकीच्या बाजारात विकण्याचा. कारखान्याच्या धुराची पावती म्हणून शेतकऱ्याची माती वापरली गेली, तर धूर तसाच राहतो आणि जोखीम तेवढी बांधावर येते.

मोबदला द्यायचा तर तो कर्बाच्या टनांवर न देता कामावर द्यावा, आणि तो सार्वजनिक तिजोरीतून द्यावा. कारण धूप थांबणे, धरणात गाळ कमी येणे व विहिरींना पाणी टिकणे हे लाभ सार्वजनिक आहेत. पद्धत बदलण्याची पहिली तीन-चार वर्षे सर्वांत जोखमीची असतात. उत्पन्न घटण्याची भीती तेव्हाच असते. त्याच काळात हेक्टरी ठराविक साहाय्य, आणि तेही प्रत्यक्ष कसणाऱ्याला, मिळाले पाहिजे. आच्छादनासाठी काडीकचरा रानात ठेवायचा, तर गुरांच्या वैरणीची व्यवस्था त्याच योजनेचा भाग असली पाहिजे. यांत्रिकीकरणाच्या योजनेत रोटाव्हेटरला अनुदान मिळते. धसकटात पेरणी करणारे आणि रुंद वाफे-सरी पाडणारे यंत्र गावोगावी भाड्याने मिळेल, याकडे तो पैसा वळविणे अवघड नाही. २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहेच. आज तो कागदावर राहतो. खतांची शिफारस आणि साहाय्याचा अग्रक्रम त्याच्याशी जोडता येईल. आणि युरियाच्या किमतीचा प्रश्न कितीही अप्रिय असला, तरी तो टाळून मातीतील हरितगृह वायूंचा विचार पुरा होणार नाही.

भारताच्या एकूण हरितगृह वायूंत शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे आणि त्यात जनावरे, भातखाचरे व खते यांचा भाग मोठा आहे. उरलेला भार मुख्यत्वे वीज, कारखाने आणि वाहने यांचा. तेव्हा हवामान सावरण्याची प्रमुख जबाबदारी कोणाची, याविषयी शंका नसावी. शेतकऱ्याने आपली माती राखावी, ती त्याच्या नातवंडांसाठी. त्या कामात समाजाने त्याला हात द्यावा, हे योग्यच आहे. परंतु दुसऱ्याच्या धुराचा हिशेब जुळविण्यासाठी त्याच्या सातबारावर पन्नास वर्षांचा बोजा चढविणे, यात ना हवामानाचे हित आहे, ना शेतकऱ्याचे. करारावर अंगठा उठविण्यापूर्वी त्याला हे समजावून सांगणारे कोणीतरी गावात असावे. आणि ते काम कृषी खात्याने अंगावर घ्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.